शनवारचं तेल

झिराडकर सायेबाले आमच्या जातीत मी आनलं. मीच. दुसऱ्या कोनाचं नाव घ्याचं काम नाई, अन् मले कोनी भरीस घातलं असंही नाई.

साल चौऱ्याहत्तर. बोरगाव मेघेत आमचं घर, घराले लागून घानीचं छप्पर, अन् रस्त्याच्या अंगानं एक खोली. माहा नवरा रूपराव जाऊन सात वर्सं झालती. तो गेला तवा पोरगी जयवंता दहाची, घरात जवसाची दोन पोती, अन् खुट्याले बैल उभा. तेरवी झाली, अन् चवदाव्या दिवशी मी बैलाच्या डोळ्याले ढापन बांधलं अन् घानीवर जाऊन बसली. आमच्या लोकाईत तवा बाई तेल विके, डोक्यावर डबा घेऊन गावोगाव फिरे, पन घानीवर बसत नसे. काऊन, ते कोनी सांगत नाई. लक्ष्मणराव, आमच्या समाजाचा मोठा मानूस, दारात आला अन् म्हने, "वयनी, उतर." म्हटलं, "उतरते. रोजचं जवस पिळाले तुमी येता का?" तो आला नाई. त्या दिवसापासून समाजाचं बलावनं बंद झालं. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो. कोनी भांडलं नाई, कोनी शिवी देल्ली नाई, फक्त बलावनं येत नाई. सात वर्सं मी समाजाच्या पंगतीत बसली नाई, अन् खोटं कायले बोलू, मले ते लागे. भांडन असतं त मी जिंकली असती.

त्या खोलीत पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर भाड्यानं आले. दारावर पाटी लावली, डी. ए. झिराडकर. काम हिंगनीकडे, बोर धरनाच्या कालव्यावर. आठवड्यातले दोन-तीन दिवस तिकडेच राहात. तिशी उलटलेला, उंच, बोलनं हळू, लग्न झालेलं नाई. गाव मुंबईच्या पलीकडे, अलिबागेपाशी.

पयल्याच शनवारी मी पाह्यलं, सकाळी त्याचा स्टो पेटला नाई. ना चहा, ना ऊन पानी. मानूस बाजेवर पुस्तक घेऊन बसला. म्हटलं, मारोतीचा शनवार पाळत असन, पन उपाशी काऊन राहाचं. मी चहा करून नेला. तो म्हने, "मी मागितला नव्हता." म्हटलं, "मांगा लागते का जी?" तो हासला अन् पेला. तवापासून दर शनवारी चहा माह्या घरून. मांगत तो कधीच नसे.

मटन आमच्या घरचं घेत नसे. म्हटलं, माळकरी असन. दाराच्या चौकटीले त्यानं बोटाएवढी एक नळी ठोकली होती, येता-जाता तिले हात लावे अन् बोटं ओठाले लावे. म्हटलं, ताईत असन. शनवारी मारोतीले तेल वाहून आली की बोटाले राह्यलेलं तेल मी त्या नळीलेही लावे. तो पाहे, काई म्हनत नसे. घरात देव नवता, एवढंच मले खुपे.

एक दिवस घानी सुरू असताना तो येऊन उभा राह्यला, बराच वेळ. म्हटलं, "काय पाहून राह्यले?" म्हने, "आमच्याकडेही घाणा होता. आजोबांपर्यंत."

मी बैल थांबवला. "मंग तुमी कोन?"

"कोकणात आम्हांला लोक शनवार तेली म्हणतात."

आता तुमीच सांगा. आमच्या तेल्याईत काय कमी परकार हायेत? एरंडेल हायेत, तराने हायेत, घानीले एक बैल जुंपनारे एकबैले, दोन जुंपनारे दोनबैले. मंग कोकनात शनवारेही असतीन. मी इचारलं, "शनवार काऊन?" म्हने, "शनवारी घाणा बंद ठेवत, म्हणून." मले हासूच आलं. आमचं अर्धं तेल शनवारी खपते, मारोतीले वाहाले. शनवारी घानी बंद ठेवनारा तेली वर्ध्यात आठ दिवस जगला नसता. पन जात ते जात. मी पुढं काई इचारलं नाई. इचारलं असतं त त्यानं सारं सांगतलं असतं, हे मले तवाही दिसत होतं. म्हनूनच इचारलं नाई.

कारन लक्ष्मणरावाची पोरगी अन्नपूर्णा लग्नाची होती, अन् त्याले जावई सरकारी नोकरीतला पायजे होता. मी सात वर्सांनी त्याच्या ओट्यावर पाय ठेवला. म्हटलं, "माह्या खोलीत आपल्यातला ओव्हरसियर हाय."

त्यानं मले बसाले पाट देल्ला. आतून चहा आला. "कोनत्या तेल्यातला?"

"शनवार तेली."

"कधी आयकलं नाई."

"कोकनात असते."

"तू जामीन?"

"मी जामीन."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. मंग म्हने, हे जमलं त माह्या पुतन्यासाठी, चंद्रभानसाठी, तुह्या जयवंताचा इचार करू. अन् दिवाळीनंतर समाजाचं जेवन हाय, पोरीले घेऊन येजो. मी घरी आली ते जमिनीवर पाय न ठेवताच आली. सायेबाले काई सांगतलं नाई. लक्ष्मणराव दोनदा सहजच येऊन गेला, कालव्याच्या पान्याच्या गोष्टी करून गेला. मानूस त्याच्या मनात भरला. बिडी नाई, दारू नाई, शनवार पाळते. अजून काय पायजे पोरीच्या बापाले.

दिवाळीले पंधरा दिवस होते तवा तार आली. सायेब हिंगनीले होता, कालव्याले भगदाड पडलं होतं. तारवाला सहीशिवाय तार देईना, दोनदा आला न परत गेला. सोमवारी सायेब आला अन् त्याच्या हातात पडली. आई गेली होती. गुरुवारीच गेली होती, अन् बयनीनं लोकाईले बोलावून त्याच दिवशी माती देऊन टाकली होती. भाऊ त कवाचाच परदेशात.

म्हटलं, "निघत नाई का?"

"आता जाऊन काय. बातमी ऐकली तिथंच सात दिवस बसायचं, असं आमच्यात आहे." सदऱ्याची पट्टी त्यानं गळ्यापाशी फाडली होती, तीही त्याईची दुखवट्याची रीत. जमिनीवर चटई टाकली, काचेच्या ग्लासात पानी घातलं, वरून तेल, त्यात वात. सात दिवस दिवा विझू द्यायचा नाही, म्हने. तेल माह्या घानीचं, तिळाचं.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाई, सोयरे भाकर आनते. लक्ष्मणरावाच्या घरून रोज भाकर-वरन येऊ लागलं. तो म्हने, "आमच्यातही असंच असतं. शेजारी आणतात." अन् पयला घास घेताना त्याच्या डोळ्याले पानी आलं. मी मनातल्या मनात म्हटलं, पाहा, चालरीत एक हाय म्हनजे जात एकच.

गुरुवारी लक्ष्मणराव सोता आला. दसवा कवा करता, पवनारले नदीवर जाऊ, ब्राम्हनाचं मी पाहतो, असं म्हने. सायेब म्हने, "तसं काही नसतं. आईसाठी एक प्रार्थना असते, मुलानं म्हणायची. पण तिला दहा पुरुष लागतात. इथे ते नाहीत."

"दहा मानसाची काय गोष्ट करता? उद्या आनतो." लक्ष्मणराव उठलाही. सायेबानं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मी पाह्यलं ते. मी तवाच बोलाले पायजे होतं, पन दिवाळीले दहाच दिवस राह्यले होते, अन् मंग समाजाचं जेवन.

शुक्रवारी दुपारी चार वाजता अंगनात दहा जनं उभे, लक्ष्मणरावाले धरून. आंघोळ्या केलेल्या, धुतलेले धोतर, डोक्यावर टोप्या. सदाशिवराव मास्तर पोथी घेऊन आलता, लागली त असावी म्हनून. सात वर्सांनी समाज माह्या अंगनात आलता, अन् ओळीनं उभा होता. मी न जयवंता दारात. मले काय वाटलं ते मी कोनाले सांगतलं नाई, आता सांगते: मले वाटलं, रूपराव हे पाहाले पायजे होता.

सायेब बाहेर आला. ओळीच्या एका टोकापासून त्यानं पाहाले सुरवात केली. ओठ हालत होते. त्याईच्यात मानसं एक, दोन, तीन करून मोजत नाई, हे त्यानं मले मागून सांगतलं. दहा शब्दांची एक ओळ हाय, एकेका मानसावर एकेक शब्द ठेवाचा. ओळ पुरी झाली की दहा झाले. लक्ष्मणराव ओळीत तिसरा होता. तिथपर्यंत आल्यावर ओठ थांबले.

"लक्ष्मणराव," तो म्हने, "तुम्ही आलात हे मी विसरणार नाही. पण हे दहा होत नाहीत."

"मोजा नं जी. दहाच हाओ."

"आमच्या लोकांतले लागतात. मी तुमच्यातला नाही. मी बेने इस्रायल आहे, यहुदी. माझं नाव दानियल. आम्ही तेल गाळायचो म्हणून लोक तेली म्हणत, इतकंच."

यहुदी हा शब्द साऱ्याईत एकट्या सदाशिवराव मास्तराले माहीत होता. तो बाकीच्याईले सांगाले लागला, "ख्रिस्ती लोकाईच्याही आधीचे. देवानं साऱ्या दुनियेतून यायलेच निवडलं, असं यायच्या ग्रंथात हाय."

लक्ष्मणरावानं आधी माह्याकडे पाह्यलं, मंग सायेबाकडे. "देवानं निवडलं? कायच्यासाठी?"

"नियम पाळायला."

"फायदा काय त्याचा?"

"फायदा असा काही नाही. मारच जास्त खाल्ला."

"अन् आमाले कोनं निवडलं?"

सायेबानं मान खाली घातली. पन दहा आहेत, असं काई तो म्हटला नाई.

एकेक जन टोपी काढून चालाले लागला. लक्ष्मणराव सगळ्यात शेवटी निघाला. जाताना माह्यापाशी थांबून म्हने, "वयनी, तू जामीन होती." आवाजही चढवला नाई त्यानं. चढवला असता त बरं झालं असतं.

मंग मी सायेबाले धरलं. म्हटलं, "मनातल्या मनात म्हनून टाकाचं होतं. कोनाले समजलं असतं?"

"ती मोठ्यानं म्हणायची असते. आणि दहा जणांनी आमेन म्हणायचं असतं."

"म्हटलं असतं त्याईनं. तुमी सांगतलं ते म्हटलं असतं. देवाले माह्या अंगनातले दहा मानसं दिसत नाई का?"

"दिसत असतील," तो म्हने. "मला मोजता येत नाहीत. माझ्या भावालाही तिकडच्या यहुद्यांनी लग्नाच्या वेळी विचारलं होतं, तू यहुदी कशावरून, तुझी आजी कोण, तिची आई कोण, कागद आण. तरी नियम तो नियम."

मले राग आला. तो यहुदी हाय याचा नाई. असाना, मले काय करा लागते. राग याचा आला, की माह्या दारात आलेल्या मानसाईले त्यानं उभ्या उभ्या वजा करून टाकलं. मले घानीवरून उतर म्हननारा लक्ष्मणराव अन् हा, यात मले फरक दिसेना. अन् चंद्रभान गेला, जेवन गेलं, पोरीचं हाती आलेलं गेलं.

दुसऱ्या दिवशी, शनवारी सकाळी, नळावर सारी गोष्ट माह्या आधीच पोचलती. भैयाजी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, ख्रिस्ती मानूस. तो मले समजावून सांगाले लागला, "ती निवड जुनी झाली, अनुसयाबाई. येशू आला तवा ती आमच्याकडे आली. आता निवडलेले आमी." तानाबाई माह्या मागं घागर घेऊन उभी होती, तिचं घर छप्पन सालापासून बौद्ध. ती म्हने, "आमाले त कोन्या देवानं निवडलं नाई बाप्पा. आमीच निवडलं, नागपूरले जाऊन." म्हटलं, "तुमी सारे बसा निवडत. मले पानी भरू द्या."

त्या शनवारी मी चहा नेला नाई. दुपारी अंगनातून सहज पाह्यलं त दिव्यात पान्यावर तेलाचा नुसता पापुद्रा राह्यलता. शुक्रवारच्या त्या भानगडीत त्यानं भरून ठेवलं नवतं. अन् शनवार म्हनजे त्याईच्या देवाचा इसाव्याचा दिवस, त्या दिवशी त्याले दिव्याले हात लावता येत नाई, दुसऱ्याले तेल टाक म्हनताही येत नाई, हे सारं नळावर भैयाजीकडून मले समजलं होतं. इतके शनवार मी न मांगता चहा नेत होती, अन् तो कायले मांगत नवता, तेही समजलं.

मी तेलाचा डबा घेतला अन् त्याच्या दारापुढं जाऊन बसली. म्हटलं, "म्हना. एकदा म्हना, अनुसयाबाई, तेल टाका."

"आज नाही म्हणता येत."

"मंग मले दिसतही नाई."

जयवंता मागं येऊन उभी राह्यली. "आई, टाक नं वं." मी हालली नाई. डबा माह्या मांडीपाशी, झाकन उघडं. वात पान्याले लागली, दोनदा चरचरली, अन् विझली. त्यानं पाह्यलं, मीही पाह्यलं. मले वाटलं होतं, विझल्यावर बरं वाटन. नाई वाटलं.

दोन महिन्यांत त्याची यवतमाळकडे बदली झाली. जाताना चौकटीवरची नळी काढून घेतली, तिच्यात त्याईच्या ग्रंथातली वचनं होती म्हने; दोन खिळ्यांची भोकं राह्यली. मले नमस्कार केला. मी घानीवर होती, उतरली नाई. मागून आयकलं की तोही भावाकडे निघून गेला. अन्नपूर्णा हिंगनघाटले देल्ली, चंद्रभानले सेलूची केली. समाजाचं बलावनं मले मंग कधीच आलं नाई. जयवंतानं नर्सचा कोर्स केला अन् आपला नवरा आपनच पाह्यला, आमच्यातला नाई. मी काई बोलली नाई. कोन्या तोंडानं बोलू. ऐंशी साली बैल मेला, अन् गिरनीच्या तेलापुढं घानीही मेली.

पत्र चौऱ्याऐंशी साली आलं, परदेशातलं, पातळ निळं. जयवंता माहेरी आलती, तिनं वाचलं.

"अनुसयाबाईंना नमस्कार. मी इथे बरा आहे, पाणीपुरवठ्याच्या खात्यात काम मिळालं. परवा आई गेल्याचा दिवस होता. आमच्या वस्तीत हिंदुस्थानातले फारसे नाहीत, म्हणून जवळच्या, दुसऱ्या देशांतून आलेल्या यहुद्यांच्या प्रार्थनागृहात गेलो. मला धरून बरोबर दहा होतो. एक म्हातारे गृहस्थ ती ओळ म्हणत एकेकाकडे पाहत गेले. माझ्यापाशी थांबले. विचारलं, कुठला? मी सांगितलं. ते म्हणाले, आणखी एकाची वाट पाहू. माझ्यावर त्यांनी शब्द ठेवला नाही. अर्ध्या तासानं एक जण आला, तोवर मी दाराशी उभा होतो. लक्ष्मणराव आठवले. धुतलेलं धोतर नेसून आले होते. त्यांना माझा नमस्कार सांगा. जयवंतास आशीर्वाद. दानियल झिराडकर."

खोटं कायले बोलू. आधी मले बरं वाटलं. म्हटलं, आता समजलं नं बाप्पा. मंग जयवंताले म्हटलं, अजून एकदा वाच. दुसऱ्या खेपेले तसं वाटलं नाई. दाराशी उभं राहनं मले माहीत हाय, सतरा वर्सं तेच करून राह्यली मी. नमस्कार सांगाले लक्ष्मणराव राह्यला नवता, दोन वर्सांआधीच गेला होता. त्याच्या तेरवीलेही मले बलावलं नवतं.

पत्रात दिव्याचं काई नवतं. याही खेपेले त्यानं काईच मांगतलं नवतं.

मी उठली. त्याचा तो काचेचा ग्लास खोलीतच राह्यलता, त्यात मी खिळे ठेवत होती. खिळे काढले, ग्लास घासला, अर्धा पान्यानं भरला, वरून तेल टाकलं. तेल दुकानातलंच, पन तिळाचं. वात लावली अन् त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला, खिळ्यांच्या भोकाईखाली.

जयवंता म्हने, "आज कायचा दिवा वं, आई?"

म्हटलं, "शनवार हाय."